त्यांचा चाळिसावा हिस्सा आणि आमचा विसावा हिस्सा

बुलडाणा जिल्ह्याच्या २०११ च्या जनगणनेचे धर्मनिहाय आकडे काढून पाहिले तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. जिल्ह्यात बौद्ध सुमारे १४ टक्के आहेत आणि मुस्लीमही जवळपास तेवढेच. म्हणजे साधारण दर सात माणसांमागे एक बौद्ध आणि एक मुसलमान. मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर, कुठेही जा. आमची वस्ती आणि त्यांचा मोहल्ला बहुधा एकमेकांना लागून असतो. हमालीच्या अड्ड्यावर, सरकारी दवाखान्याच्या रांगेत, कापूस वेचायला जाणाऱ्या गाडीत आम्ही एकत्रच असतो. पण एकमेकांच्या धर्मात नेमके काय सांगितले आहे, हे मात्र आम्ही टीव्हीवर ओरडणाऱ्या माणसांकडून शिकतो. हा लेख त्या अज्ञानाविरुद्ध आहे. तो आमच्या स्वतःविरुद्धही आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आमच्या कामाच्या गावात एका विहारात अभ्यासिका चालत होती. तलाठी भरती, पोलीस भरतीची पोरंपोरी तिथे रात्री अकरापर्यंत बसायची. वर्गणी थकली, वीजबिल थकले, मीटर कापले गेले, अभ्यासिका बंद पडली. त्याच वर्षी १४ एप्रिलला त्याच वस्तीत डीजेसाठी वर्गणी कमी पडली नाही. रमजान सुरू असताना आम्ही शेजारच्या मोहल्ल्यात एका बांगडीवाल्या चाचांच्या दुकानात सहज जाऊन बसलो, तर ते वही उघडून आकडेमोड करत होते. दुकानातला माल, घरातले सोने, लोकांकडून येणे, लोकांचे देणे. आम्ही विचारले, "चाचा, इन्कम टॅक्स भरताय का?" ते हसून म्हणाले, "नहीं भाऊ, जकात का हिसाब है." आणि मग वहीवर बोट ठेवून म्हणाले, "ये मेरा नहीं है. ये उनकाच है, मेरे पास पड़ा है."

चाचांचे हे वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही दान, भेट, देवाणघेवाण यांवरचे सिद्धांत वाचले होते. पण दान देणारा माणूस 'हे माझे नाहीच' असे म्हणतो, तेव्हा तो नेमके काय म्हणतो, हे समजून घ्यायला इतिहासात जावे लागले.

जकात म्हणजे भीक नव्हे

इस्लामच्या पाच स्तंभांपैकी जकात हा एक. कलमा, नमाज, रोजा, हज यांच्या पंगतीत पैशाचा हिशोब बसवलेला आहे, ही पहिली ध्यानात घेण्यासारखी गोष्ट. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इसवी सन ६२४ च्या सुमारास, मदिनेत जकात फर्ज झाली असे परंपरा मानते. फर्ज म्हणजे मर्जीवर नसलेले. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती आहे आणि ती चांद्रवर्षभर त्याच्याकडे राहिली आहे, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, काढायचा. त्या मर्यादेला निसाब म्हणतात. आपल्याकडे ती साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी मोजतात. राहते घर, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारे यांवर जकात नाही. डोक्यावर कर्ज असेल तर ते वजा होते.

शेतीच्या मालाला वेगळा नियम आहे. त्याला उश्र म्हणतात. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा आणि स्वतः पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा. ज्याने विहीर उपसली त्याचे कष्ट जास्त, म्हणून त्याच्यावरचा भार निम्मा. शेळ्यामेंढ्यांचाही हिशोब आहे. चाळीस झाल्या की एक द्यायची. चाळिसाच्या आत असतील तर काही नाही. कोरडवाहू आणि ओलिताचा फरक आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आमच्या जिल्ह्याला कळेल असा हा कायदा चौदाशे वर्षांपूर्वी वाळवंटात लिहिला गेला.

हा पैसा कोणाला द्यायचा, हेही मोघम सोडलेले नाही. कुराणाच्या नवव्या सूऱ्यात, सूरह तौबामध्ये, आठ वाटे सांगितले आहेत. कफल्लक, गरजू, जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मने जोडून घ्यायची आहेत असे लोक, गुलामगिरीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले काम आणि वाटेत अडकलेला प्रवासी. यातल्या दोन वाट्यांकडे आमच्या वाचकांनी थांबून पाहावे. गुलामाच्या मुक्तीसाठी धार्मिक निधीत राखीव वाटा, आणि कर्जबाजाऱ्यासाठी राखीव वाटा. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात बुलडाणा होता. सावकाराच्या दारात बसलेला माणूस म्हणजे काय, हे या जिल्ह्याला माहीत आहे. त्या माणसाचे नाव एका धर्माने देणगीच्या यादीत चौदाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे.

पैगंबरांच्या निधनानंतर, ६३२ मध्ये, काही टोळ्यांनी सांगितले की नमाज पढू, पण जकात देणार नाही. पहिले खलिफा अबू बक्र यांनी ते मान्य केले नाही. प्रार्थना आणि गरिबाचा वाटा यांत फारकत करू देणार नाही, अशी भूमिका घेऊन ते लढले. त्या युद्धांचे राजकारण वेगळे होते, त्याची चर्चा होऊ शकते. पण देवाला हात जोडायचे आणि गरिबाला हात आखडायचे, हे चालणार नाही, असा पायंडा त्यातून पडला.

दान वर जाते की खाली येते?

आता आमच्या बाजूचा इतिहास पाहू. मनुस्मृतीने ब्राह्मणाची सहा कर्मे सांगितली. त्यात दान घेणे हे एक कर्म आहे. दुसरीकडे त्याच ग्रंथाने शूद्राने धनसंचय करू नये असे बजावले. म्हणजे ज्याने कमवायचे नाही त्याने द्यायचे, आणि ज्याच्याकडे सगळे आहे त्याने घ्यायचे. पेशवाईत दरवर्षी श्रावणात पुण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. लाखो रुपये त्यात जात. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी तो पैसा पूर्ण बंद केला नाही. त्यातूनच १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ च्या सुमारास तो पैसा मराठी ग्रंथांसाठी वापरावा अशी मागणी सुधारकांनी केली, तेव्हा सनातनी खवळले आणि जोतीराव फुले सुधारकांच्या बाजूने उभे राहिले. रयतेच्या घामाचा पैसा वर चढायचा, ही आमच्या भूमीवरची दानाची रीत होती.

जकातीत उलटे आहे. जकात कोणाला देता येत नाही याचीही यादी आहे. स्वतःच्या आईवडिलांना नाही, मुलाबाळांना नाही, कारण त्यांना पोसणे हे तुमचे कर्तव्यच आहे. निसाबाचा मालक असलेल्या श्रीमंताला नाही. आणि पैगंबरांच्या घराण्याला, म्हणजे बनू हाशिमला, पारंपरिक मतानुसार नाही. संस्थापकाने आपल्याच वंशाला या पैशापासून दूर ठेवले. शंकराचार्य, मठाधिपती, बडवे, पंडे यांच्या देशात राहून या एका नियमाचे महत्त्व कळले नाही, तर आपण समाजशास्त्र शिकलो तरी कशाला?

आमच्या माणसाला 'दान' या शब्दाची चीड का येते, हेही समजून घेतले पाहिजे. आमच्या आजा-पणजांनी गावकीची कामे केली आणि बदल्यात दारोदार भाकरीचे तुकडे गोळा केले. ती मजुरी होती, पण तिला भिकेचे रूप दिले गेले. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोरांचे मांस आणि उष्टे तुकडे सोडा असे सांगितले. १९२८ मध्ये महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. तो लढा भाकरीपेक्षा मोठा होता. घेताना वाकावे लागते, त्या वाकण्याविरुद्ध तो होता.

म्हणूनच जकातीतला एक बारकावा आम्हाला फार मोलाचा वाटतो. हनफी मतानुसार देणाऱ्याच्या मनात जकातीचा हेतू असला की पुरे. घेणाऱ्याला 'ही जकात आहे' असे सांगायची गरज नाही. भेट म्हणून, ईदी म्हणून, पोरांच्या फीसाठी म्हणूनही ती देता येते. पैसा घेणाऱ्याच्या मालकीचा व्हावा लागतो, त्याचे काय करायचे ते त्याने ठरवायचे. त्यामुळे या मतानुसार जकातीच्या पैशाने मशिदीचे बांधकामही करता येत नाही, कारण इमारत म्हणजे गरीब माणूस नव्हे. उपकाराची जाणीव करून दिली, टोचून बोलले, तर दानच वाया जाते, असे कुराण बजावते. फोटो काढून धान्याचे किट वाटणाऱ्या सर्वपक्षीय पुढाऱ्यांनी हे वाचावे.

मर्जीचे दान : सदका

जकात ही सक्तीची. तिच्या पलीकडे जे मर्जीने द्यायचे ते सदका. त्याला दर नाही, मुदत नाही, धर्माची अटही नाही. जकात मुसलमान गरजूंनाच द्यावी असे बहुतेक फकीह मानतात, पण सदका कोणालाही देता येतो. दोन्हींच्या मध्ये आहे फित्रा. ईदच्या नमाजीपूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळाच्याही नावाने, सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत काढायची. हेतू असा की ईदच्या दिवशी मोहल्ल्यात कोणाची चूल थंड राहू नये.

सदक्याचा एक प्रकार सदका-ए-जारिया. म्हणजे देणारा मेला तरी चालू राहणारे दान. विहीर, झाड, शाळा, सराई. त्यातूनच वक्फची संस्था वाढली. मूळ मालमत्ता विकायची नाही, तिचे उत्पन्न लोकांसाठी लावायचे. हे वाचताना आम्हाला नाशिकची लेणी आठवली. तिथे नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्खूंसाठी तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून चीवर आणि इतर खर्च भागवायचा. याला अक्षयनीवी म्हणत. म्हणजे चिरंतन दानाची कल्पना आमच्याच मातीत, आमच्याच बुद्धाच्या नावाने, इस्लामच्या पाचशे वर्षे आधी कातळात कोरलेली आहे. आमच्या लेण्यांचे दाते नुसते राजे नव्हते. त्यांत माळी होते, लोहार होते, कोळी होते, भिक्खुणी होत्या. आम्ही लेण्यांसमोर सेल्फी काढतो, पण ती कोणाच्या वर्गणीतून उभी राहिली हे वाचत नाही.

सदका आजही चालू आहे याची दोन उदाहरणे जवळचीच आहेत. २०२० च्या कोरोनाकाळात इचलकरंजीच्या मुस्लीम समाजाने रमजानमध्ये ३६ लाख रुपये जमवून तिथल्या इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. खाट देताना रुग्णाचा धर्म विचारला गेला नाही. आणि शेजारच्या अकोल्यात, सख्खे नातेवाईक प्रेताला हात लावायला तयार नव्हते तेव्हा, कच्छी मेमन जमातीच्या कार्यकर्त्यांनी कोरोनाने गेलेल्या हिंदूंना अग्नी दिला. त्याच दिवसांत 'कोरोना कोणी पसरवला' म्हणून भाजीवाल्या मुसलमानांना गल्लीत येऊ दिले जात नव्हते, हेही विसरू नये.

आंधळे कौतुक नको

आम्ही आंबेडकरवादी आहोत. कोणत्याही धर्माची आरती ओवाळणे हे आमचे काम नाही. म्हणून काही प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पहिला प्रश्न जातीचा. बाबासाहेबांनी 'पाकिस्तान अथवा भारताची फाळणी' या ग्रंथात मुस्लीम समाजातल्या अश्रफ, अजलफ आणि अरजल या उतरंडीची नोंद घेतली आहे. महाराष्ट्रात जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लीम ओबीसींची चळवळ उभी केली, आणि १९९४ च्या शासन निर्णयानंतर कुरेशी, बागवान, पिंजारी, तांबोळी, मोमीन अशा कष्टकरी जातींना ओबीसी सवलतींची वाट मोकळी झाली. मंडलच्या लढ्यात आम्ही एकाच बाजूला होतो. मग विचारले पाहिजे की जकातीचा पैसा फकीर आणि पिंजारी यांच्या पोरीच्या शिक्षणापर्यंत पोहोचतो का, की पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या लांबच्या मदरशांच्या सफीरांपर्यंत जास्त पोहोचतो? हा प्रश्न आज अनेक मुस्लीम तरुण स्वतःच विचारत आहेत.

दुसरा प्रश्न व्यवस्थेचा. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की देशात ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता आहेत आणि त्या नीट वापरल्या तर वर्षाला १२,००० कोटींचे उत्पन्न मिळू शकते. प्रत्यक्षात त्या अतिक्रमणात, भाडेकरूंच्या घशात आणि दलालांच्या खिशात गेल्या. दात्याचा हेतू कितीही चांगला असला तरी हिशोब उघडा नसेल तर दान लुटले जाते.

तिसरा प्रश्न अंधश्रद्धेचा. आमच्याच तालुक्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथे नारळांची होळी पेटते. राज्यभरातून लोक येतात. त्यात मुसलमानांइतकेच, किंबहुना जास्त, आमचे बहुजन असतात. मनोरुग्ण लेकराला डॉक्टरकडे न नेता तिथे आणणारी आई आम्ही पाहिली आहे. जळणारा प्रत्येक नारळ कोणाच्या तरी मजुरीतून आलेला असतो. ते दान कोणाच्याच पोटात जात नाही. जकातीच्या आठ वाट्यांत आगीला वाटा नाही, हे त्या गर्दीतल्या मुसलमानालाही आणि बौद्धालाही सांगायची वेळ आली आहे.

आणि सर्वांत मोठा प्रश्न : दानाने विषमता संपते का? नाही. गुलाम सोडवायला जकातीत वाटा होता, पण गुलामीची संस्था त्यानंतरही शेकडो वर्षे टिकली. १९८० मध्ये पाकिस्तानात जनरल झिया यांनी अध्यादेश काढून बँक खात्यांतून जकात कापायला सुरुवात केली, तर अनेक जण रमजानच्या तोंडावर खात्यांतले पैसे काढून घेऊ लागले. तिथली गरिबी गेली नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले, ते याच कारणाने. जमीन, शिक्षण, रोजगार हे संविधानाने द्यायचे हक्क आहेत. त्यांच्या जागी दान ठेवणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे.

मग आम्हाला काय शिकायचे?

तरीही चळवळीला पैसा लागतो, आणि तो सरकार देणार नाही. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. आज शाहू महाराज नाहीत. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १५ ऑक्टोबर १९५६ ला, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात त्यांनी सांगितले की प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा. पाच टक्के. आमच्यापैकी किती जणांना ते भाषण माहीत आहे? बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या, विसावा हिस्सा मात्र आम्ही विसरलो.

मुसलमान शेजारी काही फार श्रीमंत नाही. सच्चर समितीने त्याची अवस्था सगळ्या देशाला दाखवली आहे. तरी त्याच्या घरी वर्षातून एकदा वही उघडते. कारण त्याच्याकडे चार गोष्टी ठरलेल्या आहेत : कोणी द्यायचे, किती द्यायचे, कधी द्यायचे, कोणाला द्यायचे. आमच्याकडे श्रद्धा आहे, पण यातले काहीच ठरलेले नाही. म्हणून आमचे देणे जयंतीच्या जोशावर चालते आणि जोश ओसरला की अभ्यासिकेचे मीटर कापले जाते.

आमचे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक वस्तीने आपला निसाब ठरवावा. रोजमजुरी करणाऱ्या, कर्जात असलेल्या घराकडून वर्गणी मागू नये. त्याच्याकडून डीजेचे पाचशे रुपये घेणे हे पाप आहे. ज्याच्या घरी पगार येतो, ज्याला आरक्षणामुळे खुर्ची मिळाली, त्याने विसावा हिस्सा काढावा. समजा एखाद्या गावात बौद्धांची पन्नास घरे आहेत आणि त्यात दहा नोकरदार आहेत. महिना चाळीस हजार पगाराचा विसावा हिस्सा दोन हजार होतो. दहा घरांचे वीस हजार. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. एवढ्यात अभ्यासिका चालते, दोन पोरींचे वसतिगृहाचे पैसे भरले जातात आणि एखादी विधवा सावकाराच्या दारातून परत आणता येते. वाटेही ठरवून टाकावेत : शिक्षण, कर्जबाजारी, आजारी, अत्याचारग्रस्त. आणि दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात उघड हिशोब वाचावा. घेणाऱ्याचे नाव मात्र वाचू नये. ते शेजारच्या मोहल्ल्याकडून शिकावे.

दानपारमिता आम्हाला बुद्धाने सांगितली, विसावा हिस्सा बाबासाहेबांनी सांगितला. इस्लामकडून उसने काही घ्यायचे नाही. फक्त आपलेच विसरलेले शेजाऱ्याच्या वहीत पाहून आठवायचे आहे. चाचा म्हणाले होते, हे माझे नाही, त्यांचेच आहे, माझ्याकडे पडून आहे. आमच्या पगाराच्या विसाव्या हिश्शाबद्दल हेच खरे आहे. तो महाडच्या तळ्यावर, नागपूरच्या मैदानावर अनवाणी आलेल्या माणसांचा आहे. आमच्याकडे नुसता पडून आहे.

पुढच्या पगाराच्या दिवशी वही काढा. आम्ही आमची काढली आहे. अभ्यासिकेचे मीटर परत बसवायचे आहे.

जय भीम!